संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग

आधी मापं घेतली.
शिवणकाम करणारीला दुसरं काय सुचणार?
टेप काढली, पिवळीला काखेत धरलं,
वहीत लिहिलं : उंची चौदा, छाती तेरा,
कंबर... रेघ मारून सोडून दिली.
पाच कोंबड्या, पाच ओळी,
अन् त्याच पानावर वर
कुशावर्ताच्या नातीचा फ्रॉक.

जागा न्हाणीच्या मागं, शेवग्याच्या बुडाशी,
जिथं साबणाचं पाणी जिरून जिरून
काळी माती निळसर झालीय.
चैतात ती अशी भेगाळते
की कात्री आत पडली तर सापडायची नाही.
म्हणून खाली शहाबादी फरशा,
फुटक्या, फुकटच्या,
पण आणायचे रिक्षावाल्यानं साठ रुपये घेतले.

मुनीरभाईनं अँगलचे तुकडे जोडून दिले.
उजेडाकडं बघू नका म्हणाला
अन् मी बघितलंच.
रात्रभर डोळ्यांत वाळू.
काकडी ठेवा, बटाटा ठेवा, दुधाची घडी ठेवा,
आमच्या गल्लीत सगळेच डॉक्टर.

पत्रा नको वैनी, सेलूच्या उन्हात
अंडी उकडूनच निघतील, असं दिगांबर म्हणाला.
दिगांबर सांगतो लई, हात कशाला लावत नाही,
पण हे खरं होतं.
तुराट्या अंथरल्या, वर शेणमाती,
वर जुन्या बॅनरचं कापड :
वाढदिवसवाल्या कुण्या दादाचं अर्धं तोंड
आभाळाकडं बघून हसत राहिलं.

खिडकी तेवढी राहिली होती.
ती भंगारात मिळाली,
एसटीची, काच गेलेली, जाळी अन् कडी शाबूत,
वर लाल अक्षरांत
संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग.
एकशेवीस म्हणाला, नव्वदला दिली.
बसवली त्या दिवशी पोरं गोळा झाली.
"काकू, तिकीट कुठलं फाडू?"
"पाथरी. पाच हाफ."

चार दिवस एकही आत गेली नाही.
अंधार पडला की शेवग्यावर चढायच्या
अन् मी शिडी लावून एकेकीला उतरवायची,
फळं तोडल्यासारखी, गरम, कुरकुरणारी फळं.
पाचव्या दिवशी आपल्या आपण गेल्या.
मी दारात उभी राहून मोजल्या.
मग परत मोजल्या, उगीच.

कडी जराशी ढिली होती.
मला ठाऊक होतं.
लग्नसराई, सोळा ब्लाउज, वर अस्तर,
तार बांधू म्हणाले उद्या,
उद्या म्हणजे हूक-काजं झाल्यावर.

मुंगूस तिथूनच आलं.

आवाज झाला असणार.
माझी मशीन चालू होती, रेडिओ चालू होता,
अन् खरं सांगायचं तर
फडफड ऐकून मी पायडल थांबवलंसुद्धा,
कान दिला, आणि परत पाय चालवला.
सकाळी फरशीवर चौघी.
रक्त फारसं नाही, नुसत्या माना.
उचलताना कळलं
किती थोडं वजन होतं सगळ्यांचं मिळून.

पाचवी शेवग्याच्या शेंड्याला.
पिवळी.
ती कुठून निघाली ते विचारायचं कारण नव्हतं,
कडीच्या खाचेत तिचं पीस अडकलं होतं.

तार बांधली. दुहेरी, पक्कडीनं पिळून.
ती अक्षरं तेवढी खरवडून काढावी म्हणलं,
ब्लेड घेतलं, रॉकेल घेतलं,
सरकारी रंग आहे, निघत नाही.

दोन तलंगा आणल्यात आता, मापं घेतली नाहीत.
त्या दिवेलागणीला आत जातात, शहाण्यासारख्या.
पिवळी जात नाही. मीही म्हणत नाही.
ती वर बसते, छपरावर,
दादाच्या त्या अर्ध्या हसण्यावर,
रात्रभर.

अंडं मात्र आतच घालते,
भर दुपारी,
खिडकी सताड उघडी असताना.