माहिती गोळा करण्यात येत आहे

लेखी प्रश्न आमच्याकडे मंगळवारी येतात.
त्यांना आवाज नसतो. बाक वाजत नाहीत,
सभापतींना हातोडा उचलावा लागत नाही.
एक क्रमांक, दोन ओळी, खाली सदस्याचं नाव.

मी व्हॅलेटात गृहनिर्माण खात्यात उत्तरं लिहितो.
एकवीस वर्षं.
मंत्री सहा बदलले, खुर्चीचं कापड दोनदा,
माझं वाक्य तेच राहिलं:
माहिती गोळा करण्यात येत आहे.
चांगलं वाक्य आहे.
त्यात कर्ता नाही.
कोण गोळा करतंय, कशात, कधीपर्यंत,
ताकास तूर लागत नाही.

माझे पहिले साहेब, झाम्मित, सांगायचे:
प्रश्नाच्या मापाचं उत्तर शिवावं,
बाही बोटभरसुद्धा लांब नको.

लिडविना कासापिन्ता. विरोधी बाकं, शेवटून दुसरी रांग.
आधी शाळेत गणित शिकवायची.
पहिला प्रश्न तिने ढोबळच टाकला:
बोर्म्लातल्या सरकारी इमारतींच्या लिफ्ट चालू आहेत का?
मी लिहिलं, बहुतांश.
पुढच्या मंगळवारी: बहुतांश म्हणजे किती?
एकोणचाळीसपैकी चौतीस.
उरलेल्या पाच कुठल्या? कुठल्या तारखेपासून बंद?
दुरुस्तीचे पैसे कुणाला दिले, पावतीवर सही कुणाची?
मला चौथीतल्या बाई आठवल्या.
उत्तर बरोबर असलं तरी अर्धेच गुण द्यायच्या,
वहीत लाल शाईने: पायऱ्या दाखवा.

आणि मग हा:
बंदराकडच्या जुन्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर राहणारे
किती जण लिफ्ट बंद पडल्यापासून
रस्त्यावर उतरलेले नाहीत?

याचं रजिस्टर नसतं.
तसं लिहायची सोय आहे, वाक्य तयार आहे,
अशी नोंद खात्यातर्फे ठेवली जात नाही.
बोट कळीवर होतं.
का कोण जाणे, जेवणाच्या सुट्टीत
मी पलीकडे जाणारी होडी पकडली.

शहाऐंशी पायऱ्या. मोजल्या.
साठाव्या पायरीवर टाय काढून खिशात घातला.
दार उघडलं विचेन्स एल्लुलने,
गोदीतला जुना वेल्डर, गुडघे गेलेले.
आधी खुर्ची दिली, पाणी दिलं, मग विचारलं,
लिफ्टवाले का?
नाही, म्हटलं. उत्तरवाला.

खाली पावाच्या गाडीने भोंगा दिला.
त्याने सज्जातून दोरीची टोपली सोडली,
नाणी खाली, पाव वर.
म्हणाला, सात महिन्यांत
ही टोपलीच काय ती गावात जाऊन येते.
तिला विचारतो कधीकधी, कसं आहे खाली?

समोरच्या, सतराव्या दारावरची बेल
मी दोनदा वाजवली. तिथे कुणी राहत नाही आता.
कुठे गेल्या, हे त्याने सांगितलं नाही,
मीही प्रश्नाबाहेर गेलो नाही.

उत्तर लिहिलं: एक.
मंत्र्यांचा सचिव कागद घेऊन आला,
'काही' असं नाही का करता येणार?
काही म्हणजे एकाहून जास्त, साहेब.
त्याने जरा वेळ पाहिलं,
मग मंत्र्यांच्या सहीला कागद पुढे गेला.
सभागृहाच्या इतिवृत्तात पान दोनशे सहावर
तो आकडा आहे, बारीक टायपात,
दोन्ही बाजूंना डांबराचे आणि कबुतरांच्या जाळ्यांचे प्रश्न.
कुणी टाळी वाजवली नाही.
लिफ्ट अजून बंद आहे. निविदा निघाली, असं ऐकतो.

आज मंगळवार.
कासापिन्ता बाईंचा नवा प्रश्न आलाय, एकच ओळ:
वरील माहिती कुणी गोळा केली?

खिडकीबाहेर फेरी सुटतेय.
उत्तराच्या रिकाम्या चौकटीत
कर्सर उघडझाप करतोय.
मी जुनं वाक्य काढून पाहतो,
कर्ता कुठे बसेल त्यात, चाचपतो.
मुदत शुक्रवारपर्यंत आहे.