दुपारी तीन वाजताचा एक

माझ्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं आकडे आहेत.
एक : दात. दोन : आंघोळ.
तीन : वेणी.
चार : चहा, स्टीलच्याच कपात.
पाच : चपला. सहा : राइस मिल.
सहाच्या पुढचं लिहावं लागत नाही.
मिलमध्ये मी कट्ट्यांची तोंडं शिवते,
एका कट्ट्याला अकरा टाके,
दोन्ही कोपऱ्यांना कान सोडायचे
म्हणजे हमालाला धरता येतं.
तिथं मला कोणी आळशी म्हणत नाही.

आळस एक ते पाचमध्ये राहतो, असं आत्या म्हणते.
मला विचाराल तर तिथं आळस नाही, नाला आहे.
पलीकडे ब्रश दिसतो.
मी हाताला सांगते, उचल.
हात ऐकतो. उचलत नाही.
"चौतीस वर्साची झाली, हिले दात घासाले मुहूर्त लागते."

गेल्या साली नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी एक शब्द दिला.
ऑटिझम.
मायनं पदराला हात पुसले, विचारलं,
"कवा उतरते ते?"
डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. मला त्या आवडल्या.
परतीच्या गाडीत माय पवनी येईपर्यंत गप्प होती.
मग म्हणाली, "म्हंजे मुद्दाम नाई करत तू."
"नाही."
"मंग ठीक."

मंडईच्या दिवसांत सगळं मोडलं.
घरात चौदा पाहुणे,
रात्रभर नाटकाचा भोंगा,
तलावाच्या पाण्यावरून दुप्पट होऊन येणारा.
तीन वाजता हिरोईन रडायची, मी तिचे हुंदके मोजायची.
आणि सकाळी माझ्या हिरव्या मगात
कोणाची तरी दाढी, साबणासकट.
प्रतिमावहिनीनं तो घासला, राखेनं, दोनदा.
पण तो आता मग नव्हता. दाढीचा मग होता.
एक झाला नाही.
एक नाही म्हणून दोन नाही, दोन नाही म्हणून सहा नाही.

पाहुणे गेले, मंडप सुटला, भोंगा दुसऱ्या गावी रडायला लागला.
मी पलंगाच्या पायथ्याशी, नऊ दिवस.
हेमराजभाऊंचा मिलमधून निरोप आला :
दुसरी बाई सातच टाके घालते, कट्टे वाटेत सांडतात.
मला रडू आलं. कट्ट्यांसाठी.
रोज सकाळी मी नाल्याच्या काठावर.
रोज नऊ वाजले की दिवस गेला.
गेलेल्या दिवसात काही करता येत नाही,
तो नुसता बसून संपवायचा असतो.
असं मी धरून चालले होते.

नवव्या दुपारी वहिनी आली.
बोलली नाही. बोलली असती तर बिघडलं असतं.
पदरानं तिनं दारावरचे आकडे पुसले.
मी ओरडलेच असते,
पण ती इतकी हळू पुसत होती.
मग लिहिलं :
एक : कट्टा.
आणि सपरीतून ओढत आणला घरच्या धानाचा कट्टा,
तोंड उघडं,
वर दाभण, सुतळी ओवलेली.
घड्याळात तीन वाजून सहा मिनिटं.
दुपारी तीन वाजता एक!
माझा दाभण पहिल्या टाक्यात गेलासुद्धा.
अकरावा झाला तरी हात चालूच होते,
तेवढ्यात तिनं त्यांच्यात ब्रश सरकवला.
"दोन : दात" हे मी नंतर वाचलं,
तोंडात फेस असताना.
"तीन : आंघोळ" ओल्या केसांनी.

दिवसाला तोंड एकच, हे मला कोणी शिकवलं होतं?
कट्टासुद्धा तळातून उसवला
की तिकडून तोंड होतो.

आता तो कट्टा माझ्याच खोलीत असतो.
रात्री कोणीतरी उसवून ठेवतं. मी विचारत नाही.
नवा मग निळा आहे, त्याची सवय व्हायची आहे.
काही दिवस कट्ट्यानंही जमत नाही.
काल नाही जमलं.
आज सव्वाबारा, पाचवा टाका.
आत्या दार वाजवायला निघाली आहे,
आणि अंगणातून मायचा आवाज :
"थांब ना वो,
तिचा एक सुरू हाये."