नोंदीपुरतं

चार्ल्स्टनच्या सोनेरी घुमटाखाली, खोली क्रमांक दोनशे आठ.
मी कोपऱ्यात बसते, गुडघ्यांमध्ये यंत्र घेऊन.
बोलणाऱ्याचा श्वास संपायच्या आत
त्याचं वाक्य माझ्या बोटांतून निघून गेलेलं असतं.
'भरपाई' मला एका फटक्यात लिहिता येते,
'विम्याचा हप्ता'ही.
आज सकाळपासून ते इतक्यांदा आलेत
की उजवी करंगळी दुखतेय.

प्रत्येकाला तीन मिनिटं. हिरवा दिवा, पिवळा, मग लाल.

डॉक्टर लायल स्ट्रॅटन पिवळ्याच्या आधीच अडखळले.
डोंगरापलीकडच्या गावात एकोणीस वर्षं बाळंतपणं,
अंगावर एकही दावा नाही, तरी हप्ता दुप्पट.
सुक्याबरोबर ओलंही जळतं, म्हणाले,
आणि एप्रिलपासून इस्पितळातली ती खोली
रिकामी खोकी ठेवायला वापरतात.
मे महिन्यात एक पोर पेट्रोल पंपावर जन्मलं,
पिकअपच्या पुढच्या सीटवर.
नाळ बांधली बुटाच्या नाडीनं.
"बूट कोणाचा?" एका सदस्यानं विचारलं.
मी लिहिलं : (हशा).
डॉक्टर हसले नाहीत.
ते लिहायची पद्धत नाही.

मग वकील, मग विमा कंपनीचा माणूस तक्ते घेऊन,
मग पुन्हा वकील.
"दावे वाढले."
"दावे नाही वाढले, तुमचे शेअर पडले."
विधेयकाचं म्हणणं एवढंच :
बुडालेला पगार पुरता द्या, औषधपाणी पुरतं द्या,
जे मोजता येत नाही
त्यावर अडीच लाख डॉलरचं झाकण.

साक्षीदार सतरा. वॅनेटा प्रोकॉप.
शाळेच्या स्वयंपाकघरातून अर्धी रजा टाकून आलेली,
केसांच्या जाळीचा वळ अजून कपाळावर.
मुलगा चार वर्षांचा. पोट दुखत होतं.
दोनदा नेलं, दोनदा 'गॅस आहे' म्हणून परत पाठवलं.
तिसऱ्यांदा नेलं
तेव्हा अपेंडिक्स फुटून दोन दिवस झाले होते.

"त्याचा पगार किती, असं विचारलं," ती म्हणाली.
"म्हणजे कायद्यानं विचारलं. वकिलानं समजावलं मला.
चार वर्षांच्याचा पगार शून्य,
औषधपाणी नऊ हजार,
म्हणजे उरला तो सगळाच्या सगळा
झाकणाखाली.
मोठा सर्जन असता
तर बराचसा बाहेर राहिला असता."

पिवळा.

"तो जन्मला स्ट्रॅटन डॉक्टरांच्या हातांत.
त्यांच्याशी माझं भांडण नाही.
पण कुणाशी तरी आहे."

लाल.

ती उठली नाही, बोललीही नाही.
माझ्या यंत्रात त्यासाठी कळ नाही.
अकरा सेकंद बोटं तशीच ठेवून बसले,
मग अध्यक्षांनी आभार मानले, ते लिहिलं.

नऊ विरुद्ध सात. विधेयक पुढे.

माझी लेक डोंगरापलीकडे राहते, सातवा लागलाय.
कुणी मला विचारलं असतं
तर हात कुठल्या बाजूनं वर गेला असता,
गाडीत बसून कितीदा मांडून पाहते, जुळत नाही.
मला विचारत नाहीत.
न विचारण्याचाच मला पगार मिळतो.

खुर्च्या सरकल्या. माईकच्या वायरी गुंडाळत होते.
ती छत्री विसरली होती, परत आली,
आणि छत्री सोडून माझ्यापाशी थांबली.
"नाव नीट लिहिलंत ना?"
"हो. प्रोकॉप. पी, आर, ओ..."
"माझं नाही."

मी पानं मागे नेली. 'मुलगा'. 'तो'.
'अल्पवयीन'. एके ठिकाणी 'सदर मयत'.
कुणी विचारलं नव्हतं,
आणि तीन मिनिटांत तिचंही राहून गेलं होतं.

सत्र संपलं की नोंद बंद, असा नियम आहे.
मी यंत्राची पेटी परत उघडली.
"सांगा."

"एव्हरेट," ती म्हणाली.
"शेवटी दोन टी."