पाठी

मी ड्रमवाला. अकरा वर्षं
आमच्या गायकांच्या मी फक्त पाठी पाहिल्या.
तोंडं पुढच्या रांगेने पाहिली,
थुंकीचे शिंतोडेही तिच्याच वाट्याला.
मला मिळाली मणक्यांची माळ,
घामाने चिकटलेला शर्ट,
आणि श्वास घेण्याआधी वर सरकणारे खांदे.
त्या खांद्यांकडे बघून मी काठी टाकायचो.

ताम्पेरे. सूतगिरणीचं तळघर, नळ गोठलेले,
अँप्लिफायरवर हातमोजे वाळत घातलेले.
बँडचं नाव कोल्मास वुओरो, म्हणजे तिसरी पाळी.
कारण आमचे बाप रात्रपाळीचे, दिवसा झोपायचे,
घरात चमचासुद्धा वाजवायची सोय नव्हती.

पहिला इल्पो. बोलताना अडखळायचा.
दुकानात माइतो मागायचा, म्हणजे दूध,
तर त्या ‘म’वरच ओठ मिटून राहायचे
आणि मागे रांग खाकरू लागायची.
पण माझा ठेका सुरू झाला
की शब्द एकमेकांच्या टाचांवर पाय देत धावत सुटायचे.
थांबलो तर हा अडकेल,
म्हणून मी हात आवरलाच नाही.
लोक म्हणाले, काय वेग!
रेकॉर्डच्या एका बाजूला चौदा गाणी,
सगळ्यात लहान एक्केचाळीस सेकंदांचं.
वेग कसला,
मित्राला मनगटाला धरून
पातळ बर्फावरून पळवत नेत होतो.

इल्पो स्वीडनला गेला, गाड्यांच्या कारखान्यात.

मग यौको, पाद्र्याचा मुलगा.
आवाज मोठा, आणि तो मोठा आहे हे त्याला ठाऊक.
शेवटचा स्वर असा लांबवायचा
की आर्तोला गिटारवर रिकाम्या जागा भरत बसावं लागे.
त्याची पाठ सैल, निवांत.
त्याच्यासोबत मी बिनचूक वाजवायचो.
आठ महिने.
त्या काळातली कॅसेट कुणी मागत नाही.
आईने एकीवर रेडिओवरची रविवारची प्रार्थना भरून घेतली.
शोभली.

तुइया आमच्यातली एकटी
खरोखर तिसरी पाळी करणारी.
मागांच्या खडखडाटात बोलायची तिला सवय:
यंत्राच्या वर ओरडायचं नाही,
त्याच्या दोन ठोक्यांमधल्या फटीत शब्द ठेवायचा.
ती ठेक्याच्या मागून यायची, केसभर.
मला वाटलं, हिला मोजता येत नाही.
म्हणाली, “घाई यंत्र करतं. तू कशाला करतोस?”
बॉबिनच्या पेट्या उचलून तिचा डावा खांदा उतरलेला.
तो वर यायला वेळ घ्यायचा.
तेवढा वेळ मी थांबायला शिकलो,
काठी हवेत धरून, हात थरथरत.

गाणी तीन मिनिटांची झाली. चारचीही.
जुनी मंडळी हाताची घडी घालून उभी.
एकाने बाटली फेकली, “इल्पो कुठाय?”
तुइयाने ती उचलली,
तळाशी उरलेलं प्यायली,
आणि पुढचं गाणं आणखी सावकाश घेतलं.

मग गिरणी बंद झाली. बँडही,
पण त्याला कुणी कुलूप लावलं नाही.

परवा एक पोरगा आला होता, कानात चार बाळ्या.
विचारत होता, तुमचा खरा आवाज कोणता?
मी त्याला कॉफी दिली.

तळघरात आता उपाहारगृह आहे. खांब तेच,
आमच्या खिळ्यांची भोकं रंगाखाली बुजलेली.
उन्हाळ्यात इल्पो आला तेव्हा तिथेच बसलो.
टक्कल पडलंय, स्वीडिशमध्येही अडखळतो म्हणे.
वेटर पोरगी आली, आणखी काही हवंय?
त्याचे ओठ मिटले. म.
टेबलाखाली माझी बोटं
मांडीवर आपसूक धावू लागली, जुन्या वेगाने.
मग मी ती थांबवली.
त्याच्या खांद्यांकडे पाहत राहिलो.
आयुष्यात पहिल्यांदा समोरून.
पोरगी पेन्सिल धरून उभी होती,
मीही, तसाच, काठी हवेत धरल्यासारखा.
चौथ्या खेपेला शब्द आला.
मग दूध आलं.