लोहचुंबक

पाचाचं पिवळं नाणं लोहचुंबकाला लागत नाही.
ते पायाच्या अंगठ्यानं शोधावं लागतं,
गाळात, निर्माल्याच्या खाली,
कुणाच्या तरी अस्थींच्या शेजारी.
रुपया, दोन रुपये सुतळीला लटकून आपणहून वर येतात.
आई म्हणायची, सोपं तेवढं चुंबकाला,
अवघड आपल्याला.

रामकुंडापासून गाडगे महाराज पुलापर्यंत
आमचं घर कुठंही असायचं.
दुतोंड्या मारुतीच्या घोट्याला पाणी लागलं
की आई स्टोव्ह उचलायची,
मग गोधड्या, मग आम्हाला.
माझ्या दहावीच्या साली तिनं हा क्रम मोडला.
आधी दप्तर.
त्या पुरात स्टोव्ह गेला.
नऊ दिवस अन्नछत्राच्या रांगेत उभ्या होतो आम्ही
आणि माझी भूमिती कोरडी होती.

रात्री वस्त्रांतरगृहाच्या पायरीवर बसायचे.
वॉचमन गांगुर्डे बजावायचा,
"दहाला लाइट बंद. मला झोप येती."
दहाला तो बिडी पेटवायचा.
साडेदहाला पायाची नखं काढायचा.
अकराला रेडिओची पाठ उघडून
आत काहीतरी शोधत बसायचा.
माझी बारावी होईपर्यंत
तो रेडिओ काही दुरुस्त झाला नाही.

मग फॉर्म आला.
सध्याचा पत्ता. कायमचा पत्ता.
दोन्ही एकच असल्यास येथे खूण करा.
मी केली खूण.
खिडकीतला माणूस म्हणाला, पुरावा?
लाइटबिल, घरपट्टी, भाडेकरार, काहीतरी असेलच ना.

घाटावरच्या गुरुजींकडं वह्या आहेत,
तांबड्या फडक्यात बांधलेल्या, माणसाच्या धडाएवढ्या.
कोण कुठून आलं, कुणाचं पिंडदान केलं,
सोबत कोण होतं, सगळं मोडीत, मग बाळबोधीत, मग बॉलपेननं.
"गाव कुठलं तुमचं?"
आईनं माझ्याकडं बघितलं, मी नदीकडं.
एका दिवसापुरत्या आलेल्यांच्या सात सात पिढ्या होत्या त्यात.
अठरा वर्षं तिथंच राहिलेल्या आम्ही नव्हतो.
गुरुजींनी वही मिटली,
पंचांगाच्या पाठकोऱ्या पानावर लिहून दिलं,
ही मुलगी दीपमाला रोज माझ्या डोळ्यांसमोर असते.
खाली सही, तिथी, वार.

"शिक्का नाही यावर," खिडकी म्हणाली.

शिक्क्याच्या खेपा मी मोजल्या नाहीत.
शेवटी बेघर निवाऱ्यातल्या बाईंनी मारला तो,
वाकडा, निम्मा कागदाच्या बाहेर.
बाहेरचा निम्मा टेबलावर उमटला.
अजून असेल.

फी नाण्यांत भरली.
कारकुनानं दहा दहाचे मनोरे रचले,
मग बोटं नाकाशी नेली.
काही नाण्यांना हळद होती,
वास तर सगळ्यांनाच.
पावती द्या, म्हटलं.

वसतिगृहात पहिल्या रात्री झोप लागेना.
पाण्याचा आवाज नव्हता.
मध्यरात्री उठून न्हाणीतला नळ थोडा सोडला,
बादली उपडी घातली खाली.
सकाळी रेक्टर जिनाभर ओरडत होत्या,
कुणाचा बाप भरतो पाण्याचं बिल?
इतिहासाच्या तासाला मी बसल्या बसल्या झोपले.

दिवाळीच्या आधी आई आली.
चपला हातात घेऊन दाराबाहेरच उभी.
ये की, म्हटलं, हे आपलंच.
तिनं उंबरा बघितला, कडी बघितली, कुलूप बघितलं.
मग माझ्या हातातली किल्ली मागितली,
कनवटीची सुतळी सोडून
चुंबक तिच्याजवळ नेला.

टक्.

"चिकटली," म्हणाली,
आणि बराच वेळ किल्ली तशीच लोंबकळत धरून
"म्हणजे ही सोपी होती?"

मी काहीच बोलले नाही.
पायाचे अंगठे तेवढे
फरशीवर आत ओढून घेतले.