एक ग्रॅम

सकाळी मी एक ग्रॅम कोळसा तोलते.
काटा चार दशांशांपर्यंत बोलतो
म्हणून पंखा बंद. नागपूरचा मे.
कपाळावरचा घाम मुशीत पडू नये
एवढीच प्रार्थना माझ्या नोकरीत आहे.

आठशे पंधरा अंशांची भट्टी.
दार उघडलं की काळं सगळं गेलेलं असतं,
तळाशी फिकट, किंचित गुलाबी राख.
आज शून्य पॉइंट तीन आठ.
म्हणजे शंभर वाघिणी आल्या असतील
तर अडतीस वाघिणी नुसती माती,
रेल्वेचं भाडं भरून आलेली.

धुऊन आला की कोळसा तिशीवर उतरतो.
मला आनंद होतो. आकड्यापुरता, पण खरंच होतो.
अफरोज विचारतो, मॅडम, आणि ते धुतलेलं पाणी?
मी वहीत रकाना शोधते.

गेल्या आठवड्यात सिव्हिल लाइन्सच्या गार सभागृहात
साहेबांनी पडद्यावर एक गोल दाखवला, भाकरीएवढा.
सूर्याला एक कोर, वाऱ्याला एक,
अणूला चिमूटभर,
आणि उरलेल्या काळ्या भाकरीवर
पांढऱ्या अक्षरांत : स्वच्छ.
मी मागच्या रांगेत, पायाशी नमुन्यांच्या पिशव्या.
हसू आलं, पण हसले नाही.
साहेब खोटं बोलत नव्हते.
सूर्य मावळलेला, वारा पडलेला,
अशा रात्री मेडिकलच्या वॉर्डात
कुणाचा तरी श्वास कशावर चालतो, मला माहीत आहे.
माझ्या भट्टीची पिनही त्याच तारेत खोचलेली आहे.
कोळसा जाळूनच मी कोळशाची परीक्षा घेते.

बाबा एकतीस वर्षं सिलेवाड्याच्या खाणीत उतरले.
आंघोळीच्या दगडावर टाचा घासत म्हणायचे,
कोळसा उगाळावा तितका काळाच,
आणि स्वतःच्याच पाठीकडे बघायचा प्रयत्न करायचे.
त्यांच्या पगारावर मी रसायनशास्त्र शिकले.

रविवारी खापरखेड्याला गेले.
आईनं गच्चीवर कुरड्या घातलेल्या,
वर जुनं पातळ अंथरलेलं.
चार वाजता तिनं पातळावर बोट ओढलं. रेघ उठली.
"काऊन वं, चिमणीले गंधकाचं यंत्र
बसवून रायले म्हनतेत, खरं हाय का?"
निविदा निघाली, मी म्हटलं.
"बरं. मंग कुरड्याईले सांगतो, थांबा म्हनून."
तिला मी सांगितलं नाही
की गंधकाचं यंत्र राख धरत नाही,
त्याचं यंत्र वेगळं, ते केव्हाच बसलंय,
आणि ते शंभरातले नव्व्याण्णव कण धरतं.
शंभरावा कण तिच्या बोटावर होता.

मी ते पातळ कागदावर झटकलं.
पुडी बांधली, पर्समध्ये ठेवली,
बसमध्ये दोनदा चाचपून पाहिली.

सोमवारी, अफरोज यायच्या आधी,
ती काट्यावर ओतली.
शून्य पॉइंट शून्य एक एक सात.
कुठल्या खाणीचा नमुना, कुठली वाघीण,
पाठवणाऱ्याची सही :
सगळे रकाने रिकामे.
पानाच्या तळाशी पेन्सिलीनं आकडा लिहिला
आणि समोर, जरा विचार करून, आईचं नाव.
वेणूबाई श्रावण टेंभरे.

मग ब्रशनं ताटली पुसली.
काट्याला शून्यावर यायला वेळ लागतोच.
आज जास्त लागला.
पंखा तर बंदच होता.