छाट

वही शंभर पानी, एकेरी रेघांची,
अशोक चौकातून आणलेली.
वर लिहिलं : गाण्याच्या अल्बमसाठी.
खाली रेघ मारली
आणि तीन आठवडे कुणाला दाखवलीच नाही.

मागायचं कसं?
गाते म्हणून, की गाता यावं म्हणून?
पुण्याचा एक माणूस सगळाच खर्च देत होता.
म्हणाला, ते विडीचे शब्द तेवढे बदला,
तेलुगू ओळी कमी करा, ढोलकी वाढवा,
मग बघा.
मी बघितलं. भिंतीवरचं घड्याळ बघितलं.
म्हटलं, माझी पानं भिजवायची वेळ झाली.

मग वही विडी घरकुलात नेली.
नागमणी कोंडा, वीस.
राजय्या बोम्मा, बंद गिरणीतला जॉबर,
पाचशेची नोट पुढं करून म्हणाला, चारशे परत दे.
सुरतेहून एक हजार एक,
नाव लिहू नका, घरी कळेल.
भिवंडीहून कुणी दोनशे, सोबत चिठ्ठी :
आमची आई असंच गायची का, आठवत नाही,
म्हणून पाठवतोय.
रामुलम्मानं पैसे दिले नाहीत.
पाचशे विड्यांची मजुरी माझ्या नावावर लावली,
कारखान्यातला मुनीम चष्म्यावरून बघत राहिला.

जिलानी नदाफचा स्टुडिओ म्हणजे
त्याच्या आज्ज्याची कापूस पिंजायची खोली.
भिंतींना गाद्या, दाराला चार चादरी,
त्यांवरचे मोर उलटे टांगलेले.
कापूस आवाज खातोय, तो म्हणाला,
हे आमच्या घरात शिकवावं लागत नाही.

पण पलीकडं बत्तीस माग.
सोमवारी लाइट जायची, तेव्हाच ते गप्प व्हायचे,
आणि आम्ही इन्व्हर्टरवर, पंखा बंद, मे महिना,
साडेतीन तास.
घाम पुसायला टॉवेल मात्र गावात भरपूर.

त्या शांततेत माझा ताल सुटायचा.
मागाच्या पोटात वाढलेला गळा,
त्याला रिकामी खोली झेपेना.
जिलानी चेकरसारखा एकेक बाजूला टाकायचा :
छाट. छाट. हीपण छाट.
हजार विड्यांत एवढी छाट निघाली असती
तर घरी मजुरी आलीच नसती.

शेवटी रामुलम्माला बोलावलं.
मांडीवर सूप, हातात कात्री.
तू काही म्हणू नको, नुसती पानं काप, म्हटलं.
कच्. कच्.
गळा जागेवर आला.
संपल्यावर ती म्हणाली, अर्धंच म्हणतीस गं,
दुसरं कडवं हाय की, माझ्या सासूच्या तोंडचं.
पुढच्या सोमवारी सांगते,
आज दात ठणकायलाय.

पुढच्या सोमवारी लाइट गेली नाही.
त्याच्या पुढच्या सोमवारी
रामुलम्मा नव्हती.

घरकुलात दारोदार विचारलं.
एकीला पहिली ओळ, तीही अर्धी.
एकीला फक्त चाल.
एकीनं जाग्यावर रचून दिलं,
चांगलं होतं, रामुलम्माचं नव्हतं.
जिलानी म्हणाला, पैसे तर पूर्ण गाण्याचे घेतलेत.
इथं काय भरू? बासरीवाला ओळखीचा आहे.
काही भरू नको, म्हटलं.

पहिलं कडवं मी गाते.
दुसऱ्याला, बावन्न सेकंद, नुसती कात्री.
मध्ये एकदा अडखळते, पान फाटलं असावं,
हळूच ऐकू येतं : अय्यो.
मग परत कच्, कच्.

पहिली प्रत तिच्या लेकाला नेऊन दिली.
लावायला घरात काही नव्हतं,
माझ्या मोबाइलवर ऐकवली.
माझ्या कडव्याला तो दाराबाहेर बघत होता.
दुसऱ्याला मान वळवली.
म्हणाला, पान नीट भिजलं नव्हतं त्या दिवशी.

मग म्हणाला,
परत लाव.